एचआयव्हीबाधितांच्या आतड्यांतील परजीवी आणि औषधांची कसोटी

(जयनगर, बेंगळूरु येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

एचआयव्हीची तपासणी रक्तावर होते, म्हणून तो रक्ताचा आजार आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या विषाणूचा पहिला मोठा घाला आतड्यावर पडतो. शरीरातील लसिकापेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच तेथील सीडी-4 या प्रतिकारपेशींचा फडशा पडतो. नंतर रक्तातील सीडी-4 पेशीही घटत जातात आणि घन मिलिमीटरला 200 च्या खाली येतात. एरवी आठ-दहा दिवसांत आपोआप थांबणारे जुलाब अशा वेळी महिनोन्‌महिने चालतात. माणूस डोळ्यांदेखत वाळत जातो. आफ्रिकेत 1980 च्या दशकात या अवस्थेला ‘स्लिम’ हेच नाव पडले होते.

या जुलाबांमागे जे परजीवी असतात त्यांत चार प्रमुख आहेत: क्रिप्टोस्पोरिडियम, सिस्टोआयसोस्पोरा (जुने नाव आयसोस्पोरा), सायक्लोस्पोरा आणि मायक्रोस्पोरिडिया. अमीबा, जिआर्डिया आणि जंत हे आपल्याकडचे जुने रहिवासी त्यांच्या जोडीला असतातच. क्रिप्टोस्पोरिडियमचे वर्णन टायझर यांनी 1907 मध्ये उंदरांत केले, पण माणसात तो 1976 पर्यंत नोंदला गेला नव्हता. एड्सची साथ आल्यावर मात्र पाचसहा वर्षांतच त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. एन्टेरोसायटोझून बिएन्युसी हा मायक्रोस्पोरिडियम तर 1985 मध्ये एका एड्सच्या रुग्णातच प्रथम सापडला. थोडक्यात, यांतल्या काही जीवांची वैद्यकाला खरी ओळख एचआयव्हीमुळे झाली. त्यांच्यावरच्या औषधांचा शोधही त्यानंतरच, घाईगर्दीत आणि रुग्ण दगावत असताना सुरू झाला. पुढच्या चाचण्यांचे यशापयश समजून घेताना ही घाई ध्यानात ठेवावी लागते.

परजीवी ओळखण्यापासूनच अडचणींना सुरुवात होते. शौचाच्या नमुन्याची साधी तपासणी, म्हणजे मिठाच्या पाण्यात आणि आयोडिनमध्ये कालवून काचेखाली पाहणे, ही जंतांची अंडी आणि अमीबा यांच्यासाठी चालते. क्रिप्टोस्पोरिडियम तिच्यातून निसटतो. त्याच्यासाठी क्षयाच्या जंतूंसाठी वापरतात तीच झील-नील्सन रंगक्रिया थोड्या सौम्य आम्लाने करावी लागते. नमुना आधी फॉर्मॉल-ईथरने घुसळून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ घेतात. काचपट्टीवर त्याचा पातळ थर पसरून वाळवतात. मग कार्बोल फुक्सिनचा लाल रंग, त्यावर आम्ल आणि शेवटी मिथिलीन ब्लू. निळ्या पार्श्वभूमीवर चार ते सहा मायक्रॉनचे गुलाबी-लाल गोल ठिपके दिसले तर तो क्रिप्टोस्पोरिडियम. तसेच, पण आठ ते दहा मायक्रॉनचे असले तर सायक्लोस्पोरा. त्यांच्याहून बराच मोठा, लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असेल तो सिस्टोआयसोस्पोरा. यीस्टच्या पेशीही कधीकधी लाल रंग धरतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगात बसवलेल्या मोजपट्टीने आकार मोजल्याशिवाय निदान लिहू नये, असा प्रयोगशाळांचा दंडक आहे. मायक्रोस्पोरिडियाचे बीजाणू एक-दोन मायक्रॉनचे, म्हणजे जिवाणूंएवढेच असतात. त्यांना ट्रायक्रोमची वेगळी रंगक्रिया लागते आणि ती करणारा सरावलेला तंत्रज्ञही लागतो. शिवाय हे जीव रोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाहीत. आज नमुना कोरा आला आणि परवा भरलेला, असे नेहमी घडते. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने मागायचे ते याच कारणाने.

हा तपशील औषधाच्या चाचणीत निर्णायक ठरतो. उपचारानंतर एकच नमुना तपासला आणि तो योगायोगाने कोरा निघाला, तर निकामी औषधालाही यशाचे गुण मिळतात. अमीबाच्या बाबतीत फसगत आणखी सोपी आहे. आजार करणारा एन्टअमीबा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी एन्टअमीबा डिस्पार सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. ज्याला मुळात आजारच नव्हता तो बरा झाला, अशी नोंद मग चाचणीच्या वहीत होते.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम 1986 मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या चमूने ओळखला. पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था 1992 मध्ये उभी राहिली. त्या संस्थेच्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मराठी वाचकांनी मुद्दाम माहीत करून घ्यावा असा आहे. 2002 ते 2007 या पाच वर्षांत जुलाब घेऊन आलेल्या 137 एचआयव्हीबाधितांची त्यात तपासणी झाली. सुमारे 35 टक्क्यांत आतड्यातील परजीवी सापडले. क्रिप्टोस्पोरिडियम 12 टक्के, सिस्टोआयसोस्पोरा 8 टक्के, अमीबा 7 टक्के असे त्यांचे प्रमाण होते. दक्षिणेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आणि चेन्नईच्या वायआरजी केअर या संस्थेने असेच अभ्यास केले. चेन्नईत सिस्टोआयसोस्पोराचे प्रमाण लक्षणीय आढळले. आजार किती आणि कुठला, याची आपल्याकडची माहिती अशी बऱ्यापैकी आहे.

औषधांच्या चाचण्यांची कहाणी मात्र दूर हैतीत सुरू होते. पोर्तो-प्रिन्समधील गेस्कियो या केंद्रात डॉ. झां पाप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये नोंदवले, की एड्सच्या 131 रुग्णांपैकी 20 जणांना आयसोस्पोराचा संसर्ग होता. सगळ्यांना को-ट्रायमोक्झॅझोलने, म्हणजे ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथोक्झॅझोलच्या जोडगोळीने, झटपट आराम पडला. पण जवळजवळ निम्म्यांचा आजार उलटला. या अनुभवातून पुढचा प्रश्न नेमका मांडला गेला: बरे झाल्यावर औषध चालू ठेवावे का? 1989 मध्ये त्याचे उत्तर आले. दहा दिवसांच्या उपचारानंतर 32 रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने तीन गटांत विभागले. एका गटाला आठवड्यातून तीनदा को-ट्रायमोक्झॅझोल, दुसऱ्याला आठवड्यातून एकदा सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आणि तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी. प्लासिबोवरच्या 10 पैकी 5 जणांना सरासरी दीड-पावणेदोन महिन्यांत पुन्हा जुलाब सुरू झाले. औषधावरचे तगले. सन 2000 मध्ये याच केंद्राने सिप्रोफ्लॉक्सासिनची तुलना केली. को-ट्रायमोक्झॅझोल घेणारे आयसोस्पोराचे दहाही रुग्ण दोन दिवसांत सावरले, तर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या 12 पैकी 10 जणांचे जुलाब थांबले, पण जरा उशिरा. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी दुसरी वाट त्यामुळे खुली झाली.

इतक्या लहान चाचण्यांनी इतके पक्के उत्तर दिले, कारण औषधाचा परिणाम प्रचंड होता, प्रश्न एकच होता आणि परजीवी ठरावीक होता. गरीब देशातल्या एका केंद्राने, स्वस्त जुन्या गोळीवर, जगभर वापरला जाणारा उपचार सिद्ध करून दाखवला. वैद्यकीय संशोधनात याहून मोलाचे काम थोडे सापडेल.

क्रिप्टोस्पोरिडियमच्या बाबतीत अशी सरळ वाट कधीच मिळाली नाही. स्पायरामायसिन, ॲझिथ्रोमायसिन, गाईच्या चिकातून काढलेली प्रतिपिंडे असे किती तरी उपाय वापरून पाहिले गेले. सुरुवातीच्या अहवालांत रुग्ण सुधारल्याच्या बातम्या येत आणि तुलनात्मक चाचणी झाली की त्या विरून जात. पॅरोमोमायसिन हे त्याचे ठळक उदाहरण. 1994 मध्ये 10 रुग्णांच्या छोट्या चाचणीत ते उपयोगी वाटले आणि डॉक्टर ते लिहून देऊ लागले. 2000 मध्ये अमेरिकेच्या एड्स चाचणी गटाने 35 रुग्णांवर ते प्लासिबोशी ताडून पाहिले, तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. क्रिप्टोस्पोरिडिओसिसचे जुलाब चढतात-उतरतात. रुग्ण अगदी बेजार झाला की दवाखान्यात येतो, आणि त्या टोकानंतर उतार नैसर्गिकपणेही येतो. सलाईन, जलसंजीवनी, बरा आहार यांनीही फरक पडतो. नुसत्या प्लासिबोवर चारातला एक रुग्ण सुधारलेला दिसावा, हे या आजारात मुळीच नवल नाही. म्हणूनच ‘औषध दिले आणि बरे वाटले’ या साक्षीला येथे किंमत नाही.

आकड्यांचा हिशेब येथे उलगडून पाहण्यासारखा आहे. प्लासिबोवर 25 टक्के आणि औषधावर 50 टक्के रुग्ण बरे होतील असे धरले, तर हा फरक योगायोगाचा नाही असे म्हणता येण्यासाठी नेहमीच्या सांख्यिकीय अटींनुसार प्रत्येक गटात सुमारे 58 जण लागतात. दोन गट मिळून 116. पुण्याच्या अभ्यासातील 12 टक्के हे प्रमाण घेतले, तर क्रिप्टोस्पोरिडियमचे 116 रुग्ण मिळण्यासाठी जुलाबाचे साडेनऊशेहून अधिक एचआयव्हीबाधित तपासावे लागतील. पुण्यात पाच वर्षांत तपासलेले रुग्ण 137, म्हणजे त्यांत क्रिप्टोस्पोरिडियमचे सोळाच्या आसपास. एका शहराच्या, एका संस्थेच्या बळावर ही चाचणी होणे शक्य नाही. पस्तीस रुग्णांच्या चाचणीने पॅरोमोमायसिनचा मोठा गुण नाही हे दाखवले. लहानसा गुण असला तर तो दिसण्याइतकी तिची नजर तीक्ष्ण नव्हती.

नायटाझोक्झॅनाइड या औषधाची चाचणी या सगळ्यांत अधिक शिकवून जाणारी आहे. मेक्सिकोत 1998 मध्ये 66 रुग्णांवर ते उपयोगी दिसले, पण ज्यांची सीडी-4 संख्या 50 च्या वर होती त्यांच्यातच. नंतर झांबियाची राजधानी लुसाका येथील विद्यापीठ रुग्णालयात दाखल झालेल्या शंभर मुलांवर चाचणी झाली आणि 2002 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांची एचआयव्ही असलेली आणि नसलेली अशी विभागणी आधीच केलेली होती. तीन दिवसांच्या औषधाने एचआयव्ही नसलेल्या मुलांपैकी 56 टक्क्यांचे जुलाब थांबले, प्लासिबोवर 23 टक्क्यांचे. आठव्या दिवसापर्यंत प्लासिबो गटातील 18 टक्के मुले दगावली, औषधाच्या गटातील एकही नाही. एचआयव्ही असलेल्या मुलांत मात्र औषधाचा काडीचा फायदा दिसला नाही. तेथे जुलाब थांबल्याचे प्रमाण औषधावर 8 टक्के आणि प्लासिबोवर 25 टक्के निघाले. डोस कमी पडला असेल, या शंकेने त्याच देशात दुप्पट मात्रा 28 दिवस देऊन पुन्हा चाचणी झाली. 2009 चा तो निकालही नकारार्थीच आला.

मुलांची विभागणी आधी केली नसती, तर दोन्ही गटांची सरासरी निघून ‘औषध थोडेफार चालते’ असा गुळमुळीत निष्कर्ष छापला गेला असता. तो दोन्ही बाजूंनी घातक ठरला असता. एचआयव्ही नसलेल्या मुलांचा जीव वाचवणारे औषध दुबळे वाटले असते, आणि एचआयव्हीबाधित मुलांच्या आईबापांना खोटी आशा मिळाली असती. नायटाझोक्झॅनाइड परजीवीला दुर्बळ करते, त्याला संपवायला शरीराच्या स्वतःच्या पेशी लागतात, असा या निकालांचा अर्थ बहुतेक जाणकार लावतात.

मग एचआयव्हीबाधिताच्या क्रिप्टोस्पोरिडियमवर औषध कोणते? सिडनीच्या अँड्र्यू कार आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवले, की एचआयव्हीवरील संयुक्त औषधोपचार (एआरटी) सुरू केल्यावर क्रिप्टोस्पोरिडियम आणि मायक्रोस्पोरिडिया या दोन्हींचे हट्टी जुलाब थांबतात. परजीवीवर थेट मारा न करता सीडी-4 पेशी परत आणल्या आणि काम झाले. क्रिप्टोस्पोरिडियमसाठी आजही मुख्य उपचार हाच आहे, बाकीची औषधे दुय्यम.

मायक्रोस्पोरिडियाची गोष्ट थोडक्यात आटोपता येते. एन्सेफॅलिटोझून इन्टेस्टिनॅलिस या जातीवर अल्बेंडाझोल चालते, अधिक आढळणाऱ्या एन्टेरोसायटोझूनवर ते फारसे चालत नाही. दुसऱ्यासाठी मधमाश्यांच्या रोगावर वापरले जाणारे फ्युमॅजिलिन फ्रान्समध्ये तपासले गेले. 2002 च्या त्या चाचणीत अवघे 12 रुग्ण होते. औषधावरचे सहाही जण परजीवीमुक्त झाले, प्लासिबोवरचा एकही नाही. पण रक्तातील प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका इतका की ते सर्रास वापरात आले नाही.

जंतांचा प्रश्न निराळा आहे. पोटातील जंत प्रतिकारशक्तीला सतत गुंतवून ठेवतात, त्यामुळे एचआयव्ही बळावतो, असा एक तर्क होता. केनियात 2008 मध्ये 234 प्रौढांच्या चाचणीत अल्बेंडाझोलने गोल जंत गेलेल्या रुग्णांची सीडी-4 संख्या टिकून राहिल्यासारखी दिसली. तेवढ्यावर सर्वांना सरसकट जंताचे औषध देण्याचा विचार मूळ धरू लागला. त्याच संशोधकांनी मग 948 प्रौढांवर दोन वर्षे चाचणी केली. एका गटाला दर तीन महिन्यांनी अल्बेंडाझोल आणि वर्षातून एकदा प्राझिक्वांटेल दिले. 2012 मध्ये निकाल आला: एचआयव्हीची वाटचाल त्याने मंदावत नाही. जंत असतील तर औषध द्यावे हे खरेच आहे, पण एचआयव्ही रोखण्याचा उपाय म्हणून नव्हे. स्वतःचीच आशादायक कल्पना अशा काटेकोर चाचणीने खोडून काढणाऱ्या संशोधकांचे ऋण मोठे आहे.

अलीकडचा प्रयत्न क्लोफॅझिमिनचा. महाराष्ट्राला हे औषध कुष्ठरोगाच्या बहुविध उपचारातील गोळी म्हणून परिचित आहे. प्रयोगशाळेत आणि उंदरांत ते क्रिप्टोस्पोरिडियम मारते असे 2017 मध्ये दिसले. मलावीतील ब्लांटायर येथे एचआयव्हीबाधित प्रौढांवर त्याची चाचणी झाली आणि 2021 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ते उपयोगी ठरले नाही. रक्त तपासले तेव्हा या रुग्णांत औषधाची पातळीच अपेक्षेपेक्षा बरीच कमी आढळली. सतत जुलाब होणाऱ्या आतड्यातून गोळी शोषली तरी किती जाणार? आतड्याच्या आजारावर तोंडाने देण्याच्या औषधाची चाचणी करताना त्याची रक्तातील आणि शौचातील पातळी मोजणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

भारतात आज अशी चाचणी आखायची तर काही गोष्टी बदलल्या आहेत. मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 पासून सुरू झाली. 2017 पासून सीडी-4 कितीही असो, एचआयव्ही आढळला की उपचार हे धोरण आहे. कोणत्याही गटाला एआरटीपासून दूर ठेवणे आता अनैतिक आणि बेकायदा आहे. नवे औषध तपासायचे ते एआरटीच्या जोडीनेच. पण एआरटीनेच रुग्ण सुधारणार असल्याने नव्या औषधाचा गुण पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच शोधावा लागतो. कमी सीडी-4 असलेल्यांना को-ट्रायमोक्झॅझोल प्रतिबंधक म्हणून रोज दिले जाते, त्यामुळे सिस्टोआयसोस्पोरा आधीच दबलेला असतो. ही नोंद ठेवली नाही तर भलत्याच औषधाला श्रेय जाते.

बेंगळूरुत आणखी एक पेच आहे, तो पाण्याचा. जयनगरच्या नळाला येणारे कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, तोरेकाडनहळ्ळीच्या शुद्धीकरण केंद्रातून उचलून आणले जाते. शहराच्या कडेच्या वस्त्या बोअरवेल आणि टँकरवर जगतात. क्रिप्टोस्पोरिडियमची जाड कवचाची पुटिका नळाच्या पाण्यातील क्लोरिनला दाद देत नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात 1993 मध्ये शुद्धीकरण झालेल्या पाण्यातूनच चार लाखांवर लोक आजारी पडले. उपचार संपल्यावर महिन्याने रुग्णाचे जुलाब पुन्हा सुरू झाले, तर औषध हरले की टँकरच्या पाण्यातून नवा संसर्ग झाला? आधीच्या आणि नंतरच्या परजीवींची जनुकीय जुळणी केल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. चाचणीत सामील प्रत्येकाला पाणी उकळून पिण्याचा सल्ला देणे हे माणुसकीचे आहे आणि शास्त्राच्याही सोयीचे आहे.

नियमांची चौकट भक्कम आहे. औषधचाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली आणि 15 जून 2009 पासून नोंदणी सक्तीची झाली. नवीन औषधे व चाचण्यांचे नियम 2019 मध्ये आले. एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे आणि त्यानुसार समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय एचआयव्हीबाधितावर संशोधन करता येत नाही. रुग्णाचे नाव गुप्त राहणे हा त्याचा हक्क आहे. कागदावरच्या या हक्काची परीक्षा लहान गोष्टींत होते. शौचाची डबी घेऊन रांगेत उभे राहणाऱ्याला कोणी नावाने पुकारले आणि त्यातून त्याचा आजार चारचौघांत कळला, तर तो पुन्हा फिरकत नाही. रोज किती वेळा जावे लागले याची वही ठेवायला सांगितली आणि घरच्यांना आजार माहीत नसला, तर ती वही कोरीच राहते. संमतीपत्र कन्नड, मराठी, तमिळ, उर्दू अशा रुग्णाच्या भाषेत असावे, आणि ‘गोळीत कदाचित औषध नसेल’ हे त्यात आडवळण न घेता सांगितलेले असावे.

मोठ्या चाचण्या चालवण्याची क्षमता या भागात नाही, असे मुळीच नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने जिल्ह्यातील 1620 बाळंतिणींवर, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी, मिसोप्रोस्टॉलची चाचणी करून 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जगाला उत्तर दिले. एआरटीने जोडीदाराला होणारा संसर्ग टळतो हे सिद्ध करणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पुणे आणि चेन्नई ही केंद्रे होती. जयनगरच्या शेजारी होसूर रस्त्यावर असलेल्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेने एचआयव्हीतील मेंदूच्या संसर्गांवर वर्षानुवर्षे काम केले आहे आणि शिवाजीनगरच्या बौरिंग रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. असे असूनही आतड्यातील परजीवींवरचे येथील काम मुख्यतः मोजदादीचे राहिले. उपचार ठरवणारी वर सांगितलेली प्रत्येक चाचणी हैती, मेक्सिको, झांबिया, केनिया, मलावी, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेत झाली. मेंदूच्या आजाराला जे लक्ष मिळते ते जुलाबाला मिळत नाही, आणि ही उपेक्षा समर्थनीय नाही.

बेंगळूरु, बेळगाव, सांगली, पुणे, मुंबई, वेल्लोर आणि चेन्नई येथील एआरटी केंद्रांनी एकाच पद्धतीने नमुने तपासले आणि एकाच आराखड्याने रुग्ण नोंदवले, तर 116 हा आकडा आवाक्यात येतो. तोपर्यंत या केंद्रांतील डॉक्टरांनी एवढे तरी करावे: दोन आठवड्यांहून अधिक जुलाब असलेल्या एचआयव्हीबाधिताला नुसते अमीबावरचे मेट्रोनिडाझोल लिहून परत पाठवू नये. तीन दिवसांचे तीन नमुने आणि झील-नील्सन रंगक्रिया मागावी, सीडी-4 पाहावी आणि पहिल्याच भेटीत एआरटीची चौकशी करावी.